मुक्तागिरीच्या डोंगरातील वाळवण

परतवाडा मागे पडला आणि वाहन बैतूलच्या रस्त्याला लागले, की सपाट वऱ्हाड संपत आल्याची खूण उत्तरेकडे दिसू लागते. सातपुड्याची रांग प्रथम निळसर भिंतीसारखी भासते. जवळ जाताच तिच्यातल्या घळी, कडे आणि झाडीचे पट्टे वेगवेगळे होतात. खरपी गावापासून मुख्य रस्ता सोडला की थोड्याच वेळात डोंगराच्या कुशीतील शुभ्र शिखरे नजरेस पडतात. हेच मुक्तागिरी सिद्धक्षेत्र. सरकारी नकाशात ते मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मोडते. परंतु अमरावती, अचलपूर, अकोला, कारंजा येथील जैन घराण्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या घरचेच वाटत आले आहे. ५२ जिनालयांचा हा डोंगर साडेतीन कोटी मुनींची निर्वाणभूमी मानला जातो. ध्यानस्थ मुनींसमोर कड्यावरून पडलेल्या एका मेंढ्याला अंतकाळी णमोकार मंत्र ऐकावयास मिळाला व त्याला देवगती लाभली, अशी कथा येथे सांगतात. त्यावरूनच या क्षेत्राला मेंढागिरी हे दुसरे नाव मिळाले.

बहुतेक यात्रेकरूंच्या स्मरणात राहते ती पावसाळ्यातील मुक्तागिरी. काळ्या कड्यावरून कोसळणारा धबधबा, ओल्या पायऱ्या, धुक्यात अर्धवट बुडालेली शिखरे. परंतु महावीर जयंतीपासून अक्षय तृतीयेपर्यंतच्या आठवड्यांत येथे येणाऱ्याला निराळाच डोंगर भेटतो. धबधब्याच्या जागी कड्यावर पाण्याचे काळपट ओघळ तेवढे उरलेले असतात. सागाची झाडे पर्णहीन उभी असतात. धावडा, सालई, ऐन, तेंदू यांच्या फांद्यांतून आकाश आरपार दिसते. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना गुडघाभर पाचोळा साचलेला असतो आणि वाऱ्याची झुळूक आली की तो अशा आवाजात सळसळतो, की नवख्या माणसाला कोणी चालत येत असल्याचा भास व्हावा.

हाच काळ घरोघरी वाळवणाचा. पापड, कुरडया, सांडगे, वर्षाचे मसाले हे सारे गृहिणी याच दिवसांत गच्चीवर पसरतात. त्यांना हवे असते कडक ऊन, कोरडी हवा आणि वाहता वारा. ढगाळ, दमट दिवशी वाळवण घालू नये, हे घरातील लहान मुलीलाही ठाऊक असते. निसर्गाचेही असेच एक वाळवण याच आठवड्यांत सातपुड्याच्या उतारांवर पडलेले असते. फरक इतकाच, की गच्चीवरचे वाळवण संध्याकाळी डब्यात भरले जाते. डोंगरावरचे पहिल्या पावसापर्यंत तसेच उघडे पडून राहते, आणि एका ठिणगीची वाट पाहते.

हवेचा हिशोब

वणवा लागतो म्हणजे नेमके काय घडते, हे समजण्यासाठी व्यापारी घराण्याला परिचित अशी जमाखर्चाची पद्धत पुरेशी आहे. हवेला पाण्याची वाफ धरून ठेवण्याची एक मर्यादा असते आणि ती तापमानाबरोबर वाढत जाते. २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे १७ ग्रॅम वाफ धरू शकते. ४० अंशांना तीच हवा सुमारे ५१ ग्रॅम धरू शकते. पहाटेच्या गारव्यात जी हवा वाफेने पूर्ण भरलेली होती, तीच दुपारी तापली की आपल्या मर्यादेच्या एक तृतीयांशच भरलेली ठरते. वाफ तितकीच, पण हवेची तहान तिप्पट झाली. विदर्भात व सातपुड्यात तर पहाटेची हवाही वाफेने भरलेली नसते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते, आणि ही तहानलेली हवा जे सापडेल त्यातून ओलावा ओढून घेते. माणसाच्या ओठांतून, विहिरीतून, तसाच पाचोळ्यातूनही.

पावसाळ्यात डब्याबाहेर राहिलेला पापड घटकाभरात सादळतो, आणि उन्हात ठेवला की पुन्हा कडक होतो. वाळलेले पान आणि गवताची काडी यांचे वागणे अगदी असेच असते. त्यांच्यातील पाणी भोवतालच्या हवेशी तास-दोन तासांत जुळवून घेते. जाड फांदीला दिवस लागतात, पडलेल्या ओंडक्याला आठवडे. म्हणूनच सकाळी दव पडलेला आणि काडीपेटीला दाद न देणारा पाचोळा दुपारी दोन वाजता बारुदासारखा होतो. डोंगर तोच, झाड तेच, पान तेच. केवळ प्रहर बदललेला असतो. पानात पाणी असेपर्यंत आगीची उष्णता ते पाणी उडवण्यात खर्ची पडते. ते पाणी आधीच हवेने नेलेले असले, की आगीला कोणताही खर्च उरत नाही. सारी उष्णता नफ्यात जाते.

त्यात सागाच्या पानाची घडण आगीला फार सोयीची. पान मोठे, खरबरीत. वाळताना ते द्रोणासारखे वळते. एकावर एक पडलेल्या अशा पानांच्या थरात हवा खेळती राहते. चूल पेटवताना लाकडांमध्ये फट ठेवावी लागते, हे जाणणाऱ्याला यापुढे काही सांगावयास नको.

वाऱ्याचे काम

कोरडेपणा सरपण तयार करतो. परंतु त्या सरपणाचा वणवा करतो तो वारा. वाऱ्याची कामे चार आहेत. पहिले उघडच आहे: तो ज्वालेला ताजी हवा पुरवतो. दुसरे अधिक घातक. शांत हवेत ज्वाला सरळ वर जाते आणि तिची बरीचशी उष्णता आकाशात विरते. वारा सुटला की ती पुढे झुकते आणि अजून न पेटलेल्या गवताला आधीच भाजून ठेवते. तिसरे काम ठिणग्या उडवण्याचे. जळते पान, सालीचा तुकडा किंवा वाळक्या शेणाचा निखारा उचलून तो नाल्यापलीकडे नेऊन टाकतो, आणि एका आगीच्या दोन होतात. चौथे काम दिशा बदलण्याचे. वाऱ्याच्या रोखाने धावणाऱ्या आगीचे तोंड अरुंद असते, पण तिची बाजू लांबच लांब असते. वैशाखातील वळवाच्या वादळापूर्वी वारा अचानक फिरतो, तेव्हा ती लांब बाजूच आगीचे तोंड होते. आग विझवावयास गेलेली माणसे सापडतात ती बहुधा अशाच वेळी.

मुक्तागिरीसारख्या डोंगरात या सर्वांना चढाची जोड मिळते. दिवसा तापलेली हवा दरीतून वर चढू लागते; म्हणजे वारा आणि चढ दोन्ही एकाच दिशेने आगीला ओढतात. उतार जितका तीव्र, तितकी वरचे गवत आणि ज्वाला यांतील जागा कमी. चढ दर १० अंशांनी वाढला की आगीचा वेग जवळजवळ दुप्पट होतो, असा अनुभवसिद्ध ठोकताळा वनशास्त्रात वापरला जातो. आणि अरुंद घळ तर धुराड्याचेच काम करते. ११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरात, गिर्यारोहकांचा एक गट वाळलेल्या गवताच्या उतारावर वणव्यात सापडला आणि वीसहून अधिक जणांना प्राण गमवावे लागले. वाऱ्याने धावणाऱ्या आगीपुढे माणसाचे पाय चढावर किती अपुरे पडतात, हे त्या दिवशी देशाला कळले.

रात्री हा खेळ उलटतो. हवा गार होते, तिची तहान कमी होते, वारा मंदावून दरीकडे उतरू लागतो आणि आग मलूल होते. वनकर्मचारी म्हणूनच रात्रीचा आणि पहाटेचा काळ अमूल्य मानतात. परतवाड्याकडून रात्री पाहणाऱ्याला कधी दूरच्या डोंगरावर नारिंगी माळेसारखी एक रेघ सरकताना दिसते. दुरून ती दिवाळीच्या रोषणाईसारखी शोभिवंत वाटते. जवळ मात्र तिच्यापुढे हिरव्या फांद्यांचे झोडपे घेतलेली आणि पाठीवर पाचोळा उडवणारी यंत्रे बांधलेली माणसे घामाघूम होऊन धावत असतात.

ज्यांना पळता येत नाही

सातपुड्यातील वणवा सहसा झाडांच्या शेंड्यांवरून जात नाही. तो जमिनीवरून सरपटतो. ज्वाला कमरेएवढ्या, कधी गुडघ्याएवढ्याच. मोठा साग काळवंडतो, पण बहुधा वाचतो. त्यामुळे पाहणाऱ्याची समजूत होते की फारसे काही जळाले नाही. प्रत्यक्षात जळते ते सारे जमिनीलगतचे. टिटवी आणि रातवा हे पक्षी याच दिवसांत उघड्या जमिनीवर अंडी घालतात. रातव्याची मादी पाचोळ्याच्या रंगाची होऊन अंड्यांवर स्थिर बसते. शत्रूपासून वाचवणारी ती स्थिरताच आगीपुढे तिचा घात करते. सरडे, साप, कासवे, गोगलगायी, वाळव्या, पाचोळ्याखालचे असंख्य सूक्ष्म कीटक आणि नुकतीच रुजलेली रोपे यांपैकी कोणालाच पळण्याची सोय नाही. हरिण धावते, बिबट्या निसटतो. ज्या जीवांची हिंसा टाळण्यासाठी जैन गृहस्थ पाणी गाळून पितो आणि दिवस मावळण्यापूर्वी जेवतो, नेमके तेच जीव वणव्यात सर्वप्रथम आणि सर्वाधिक संख्येने जातात.

पुढचे नुकसान पावसाळ्यात कळते. पाचोळ्याचे आच्छादन गेलेल्या उतारावर पहिली जोरदार सर थेट मातीवर आदळते; राख आणि माती ओढ्याला लागते. जे पाणी जमिनीत मुरून डिसेंबरपर्यंत झऱ्यांना पुरले असते, ते दोन दिवसांत वाहून जाते. मुक्तागिरीचा धबधबा दिवाळीनंतर किती दिवस टिकतो, याचा वैशाखातल्या वणव्यांशी असा जवळचा संबंध आहे.

ठिणगी कोणाची?

भारतीय जंगलांत वीज पडून लागणारे वणवे विरळा. बहुतांश आगींमागे माणसाचा हात असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात. ती पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. तेंदूला नवी, कोवळी पाने फुटावीत या समजुतीने झुडपे जाळली जातात. गुरांना लवकर हिरवा चारा मिळावा म्हणून गवत पेटते. शेताचा बांध जाळताना आग जंगलात शिरते. कोठे नवस फेडण्यासाठी डोंगर पेटवण्याची चाल असते, तर कोठे विडीचे थोटूक पुरते. यातील बहुतेकांचा हेतू एवढीशी जागा जाळण्याचा असतो. सकाळी आठला लावलेली ती आग खरोखर एवढीशीच असते. दुपारी बाराला हवा आणि वारा तिचा ताबा घेतात.

मोह वेचणाऱ्या कोरकू किंवा गोंड कुटुंबाला दोष देऊन हा विषय संपवणे सोपे आहे. पण त्या कुटुंबाच्या टोपलीपासून बाजारपेठेपर्यंत एक साखळी जाते, आणि तिच्यात खरेदीदार, अडत्या, वाहतूकदार, गोदामवाला असे अनेक दुवे असतात. जैन परंपरेने हा प्रश्न फार पूर्वी विचारला आहे. ‘उपासकदशांग’ या आगमात आनंद श्रावकाच्या प्रकरणात गृहस्थाने टाळावयाचे पंधरा व्यवसाय, म्हणजे कर्मादाने, सांगितली आहेत. त्यांत कोळसा पाडणे व जंगल तोडणे यांच्याबरोबरच रानाला आग लावणे हेही स्वतंत्रपणे मोजलेले आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त त्याला दवदान म्हटले आणि त्याचे दोन प्रकार केले: एक केवळ सवयीने केलेले, दुसरे पुण्य समजून केलेले. आजच्या वणव्यांची कारणे तपासली तर ती दोन खाती अजूनही भरलेलीच दिसतात. ज्याच्या वखारीत रानातला माल येतो, त्याने तो माल कशा रीतीने गोळा झाला हे विचारणे, एवढा तरी अर्थ या जुन्या यादीचा आजच्या व्यापाऱ्यासाठी निघतो. मोहाखाली जाळी किंवा जुने लुगडे पसरले, तर पाचोळा जाळावा लागत नाही आणि फुलाला मातीही लागत नाही. स्वच्छ मालाला चार पैसे अधिक देणारा खरेदीदार मिळाला, तर काडीपेटी आपोआप घरी राहते.

हत्तीचे मंडल

सातपुड्याच्या उत्तरेला नर्मदा, आणि नर्मदेपलीकडे विंध्याचल. श्वेतांबर परंपरेतील ‘ज्ञाताधर्मकथा’ या आगमाच्या पहिल्या अध्ययनात त्याच विंध्याच्या पायथ्याशी घडलेली वणव्याची कथा आहे. जैन घरांतील मुले ती हत्ती आणि सशाची गोष्ट म्हणून ऐकतात. भगवान महावीरांनी ती मेघकुमार या नवदीक्षित राजपुत्राला त्याच्या पूर्वजन्माची आठवण देण्यासाठी सांगितली. ज्येष्ठाचा महिना, घासणाऱ्या झाडांतून उठलेली ठिणगी, वाळले गवत, सुका पाचोळा आणि वारा, अशी वणव्याची सारी सामग्री त्या कथेत आलेली आहे.

मेरुप्रभ नावाच्या हत्तीला वणवा पाहून आपला मागचा जन्म आठवतो. त्या जन्मातील अंतही वणव्यातून पळतानाच ओढवलेला असतो. तेव्हा तो एक मोठे वर्तुळाकार मैदान मोकळे करतो. त्यातील गवत, वेली, झुडपे उपटून टाकतो. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हे काम तो आग दिसल्यावर करत नाही. पावसाळ्याच्या आरंभी, मध्यावर आणि अखेरीस, असा तीनदा तो ती जागा साफ करतो. पुढे वणवा पेटतो तेव्हा लहानमोठे सारे प्राणी वैर विसरून त्या मंडलात दाटीने उभे राहतात. अंग खाजवण्यासाठी हत्ती पाय उचलतो, तेवढ्यात त्या जागी एक ससा येऊन बसतो. आणि त्याच्यावरील अनुकंपेने हत्ती अडीच दिवस पाय अधांतरी धरून ठेवतो. आग शमते, प्राणी निघून जातात, आणि आखडलेल्या पायाने तो कोसळतो.

प्रवचनात भर असतो तो उचललेल्या पायावर, आणि ते योग्यच आहे. पण त्या करुणेला उभे राहण्यास जागा मिळाली, ती आधी साफ केलेल्या मंडलामुळे. मंडल नसते तर ससाही नसता आणि हत्तीही. आजचा वनविभाग ज्याला जाळरेषा म्हणतो, ती हीच कल्पना आहे. हिवाळ्यात ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातील गवत कापून, वाळवून, थंड हवेत देखरेखीखाली जाळून टाकतात, म्हणजे उन्हाळ्यात धावत येणाऱ्या आगीला तेथे खाण्यास काही उरत नाही. १५ फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम सुरू होतो, असे धरून त्याआधीच हे काम उरकायचे असते. सातपुड्यातीलच बोरीच्या जंगलात १८६० च्या दशकात आगीपासून पद्धतशीर संरक्षणाचे आरंभीचे प्रयोग झाले. १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक असलेल्या शेजारच्या मेळघाटातही जाळरेषांचे जाळे दरवर्षी नव्याने काढावे लागते. २००४ पासून भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांच्या आधारे आगीची सूचना देते. पण उपग्रह आग दाखवतो, अडवत नाही. अडवते ती माघात साफ केलेली जमीन.

यतना आणि ऋतू

जैन आचारात यतना हा शब्द पावलोपावली येतो. उठताना, बसताना, वस्तू ठेवताना सावधपणा. चातुर्मासात हिरवळीवर पाय पडू नये म्हणून साधू-साध्वी विहार थांबवतात. म्हणजे ऋतू पाहून आचरण बदलणे या परंपरेला नवे नाही. पावसाळ्याची यतना सर्वांना पाठ आहे. उन्हाळ्याच्या कोरड्या वाऱ्याची यतनाही तितक्याच सहजपणे अंगवळणी पडावयास हवी.

ती फार अवघड नाही. फेब्रुवारी ते जून या काळात डोंगरात चूल किंवा शेगडी पेटवू नये. शिदोरी घरूनच न्यावी. धूप, दीप, उदबत्ती मंदिराच्या आवारातच राहावी. तापलेल्या सायलेन्सरखालचे वाळले गवत पेटू शकते, म्हणून गाडी गवतावर उभी करू नये. आणि चालकाला विडी-सिगारेटविषयी आधीच सांगावे. धूर दिसला तर ‘कोणीतरी कळवील’ असे न म्हणता जवळच्या वनचौकीला कळवावे. महाराष्ट्राच्या हद्दीत त्यासाठी १९२६ हा क्रमांक आहे. आग खाली असेल तर कधीही वर पळू नये. बाजूने उघड्या खडकाकडे किंवा आधीच जळून गेलेल्या जागेकडे जावे. आणि ज्या कुटुंबांना दान करावयाचे आहे, त्यांनी एखाद्या वर्षी जाळरेषेवर राबणाऱ्या हंगामी मजुरांचे जोडे आणि पाण्याच्या कॅनही त्यात धरावेत.

संध्याकाळी यात्रेकरू पायऱ्या उतरू लागतात तेव्हा वारा पडलेला असतो. पार्श्वनाथांच्या मंदिरावरची पताका स्तब्ध होते. पायऱ्यांकडेच्या पाचोळ्यात काहीतरी किंचित हलते आणि पुन्हा स्थिर होते. पानांच्याच रंगाची एक रातवी अंड्यांवर बसलेली असते. दिवस तिच्या बाजूने सरला. पहिला पाऊस यावयास अजून महिना-दीड महिना आहे.